निघून जाण्याची मुभा



१७ नोव्हेंबर १९७८, शुक्रवारची संध्याकाळ. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, व्हेनेझुएलाच्या सरहद्दीकडचं जंगल तोडून वसवलेल्या जोन्सटाउन नावाच्या वस्तीत पाहुणे आले होते. वस्तीच्या मधोमध असलेला भिंती नसलेला मोठा मंडप गच्च भरला होता. जेवणं झाली, वाद्यवृंद वाजला, गाणी झाली. मुख्य पाहुणे होते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन. आमच्या माणसांना तिथे डांबून ठेवलंय, अशा तक्रारी कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांनी त्यांच्याकडे केल्या होत्या आणि त्यांची शहानिशा करायला ते जातीने आले होते. ध्वनिक्षेपक हातात घेऊन रायन म्हणाले की, आतापर्यंत जे कानावर आलं त्यावरून इथल्या काही जणांना ही जागा म्हणजे आयुष्यात घडलेली सर्वांत चांगली गोष्ट वाटते असं दिसतंय. त्यावर टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबेचनात.

त्याच रात्री एका तरुण रहिवाशाने एनबीसी वाहिनीचे वार्ताहर डॉन हॅरिस यांच्याकडे एक छोटी चिठ्ठी सरकवली. ती खाली पडली. तुमचंच काहीतरी पडलंय असं भासवत त्याने ती उचलून पुन्हा त्यांच्या हाती दिली. चिठ्ठीत दोन नावं होती आणि जोन्सटाउनमधून बाहेर पडायला आम्हाला मदत करा, एवढी विनवणी. शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलाने हे पाहिलं आणि तो ओरडू लागला : याने चिठ्ठी दिली, याने चिठ्ठी दिली!

चोवीस तास उलटायच्या आत त्या वस्तीत ९०९ माणसं मेली. त्यांत तीनशेहून अधिक मुलं होती. जवळच्या पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर रायन, हॅरिस आणि आणखी तिघं गोळ्यांना बळी पडले. राजधानी जॉर्जटाउनमध्ये एक आई आणि तिची तीन मुलं मेली. एकूण ९१८.

मन ताब्यात घेऊन नागरिकांना राबवणारं खोटं नंदनवन हा कादंबरीकारांचा आवडता विषय आहे. अल्डस हक्सलीने १९३२ साली लोकांना खूश ठेवणाऱ्या गोळ्या कल्पिल्या, जॉर्ज ऑर्वेलने १९४९ साली घराघरांतल्या भिंतींवर पाळत ठेवणारे पडदे लावले. जोन्सटाउनचा कारभार याहून फार स्वस्तात चालला. काही भोंगे, दोन वेळचा भात, अपुरी झोप, कबुलीजबाबांचे कागद आणि चिठ्ठी पाहून ओरडणारा तो मुलगा. आजचं व्याख्यान या साध्या साधनांविषयी आहे.

आधी या माणसांविषयी. ती वेडी किंवा अडाणी नव्हती. जोन्सटाउनच्या रहिवाशांपैकी सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय होते आणि त्यांत स्त्रियांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, संख्या मोठी होती. दक्षिणेतल्या वर्णभेदातून वर आलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या बायका. त्यांच्या जोडीला परिचारिका, शिक्षक, वकील, समाजसेवक आणि विद्यापीठांतून बाहेर पडलेले आदर्शवादी गोरे तरुण होते. चांगल्या कामासाठी आलो, अशीच त्यांतल्या प्रत्येकाची समजूत होती आणि सुरुवातीची बरीच वर्षं ती खोटीही नव्हती.

जोन्सटाउन वसवणाऱ्या जिम जोन्सचा जन्म १९३१ सालचा, इंडियाना राज्यातल्या क्रीट या खेड्यातला. घरची गरिबी, बाप युद्धातून आजारी होऊन आलेला. लहानपणापासून प्रवचनांचं वेड. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर त्याने इंडियानापोलिस शहरात आपलं चर्च काढलं. गोरे आणि काळे एकाच बाकावर बसतील असं चर्च तिथे त्या काळी दुर्मीळ होतं. त्याने गरिबांसाठी मोफत जेवण सुरू केलं, वृद्धाश्रम चालवले. १९६१ मध्ये तो शहराच्या मानवी हक्क आयोगाचा संचालक झाला. त्याने आणि त्याची पत्नी मार्सेलीन हिने वेगवेगळ्या वंशांची मुलं दत्तक घेतली. एका काळ्या मुलाला त्यांनी स्वतःचंच नाव दिलं, जिम जोन्स ज्युनियर. पीपल्स टेंपल हे चर्चचं नाव लोकांना अगदी शोभेसं वाटत होतं.

त्याच वेळी, त्याच मंचावर, तो कॅन्सर बरा करण्याचे चमत्कारही करत होता. कोंबडीच्या आतड्यांचे, काळजाचे सडके तुकडे आधी लपवून ठेवायचे आणि रोग्याच्या अंगातून गाठ बाहेर काढली असं दाखवायचं. या फसवणुकीत मदत करणाऱ्यांना खरं काय ते ठाऊक असायचं. मोठ्या कामासाठी लहानसं खोटं, असं म्हणून ते स्वतःची समजूत घालायचे. पुढच्या सगळ्याची तयारी इथेच झाली. एकदा खोट्यात हात बुडाला की तो बाहेर काढून दाखवणं अवघड होतं, कारण मग आपणही सांगितलं नाही हे कबूल करावं लागतं.

१९६५ मध्ये अणुयुद्धाची भीती घालून जोन्सने शंभरावर अनुयायांना कॅलिफोर्नियातल्या रेडवुड व्हॅलीत नेलं. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस इथे टेंपलच्या शाखा आल्या. सॅन फ्रान्सिस्कोतली शाखा गिअरी बुलेवार्डवर होती, फिलमोर भागात. हा काळ्या लोकांचा मोहल्ला नगरविकासाच्या नावाखाली महापालिकेने पाडायला काढला होता आणि हजारो कुटुंबांची घरं, दुकानं गेली होती. ज्यांची वस्तीच उठवली गेली त्यांना जोन्सने नवी वस्ती दिली. तिथे जेवण होतं, दवाखान्यात नेणारं कोणीतरी होतं, कोर्टकचेरीला वकील होता, व्यसन सोडवायला मदत होती.

राजकारण्यांनाही तो हवा होता, कारण एका हाकेसरशी तो शेकडो कार्यकर्ते उभे करी. १९७५ च्या महापौरपदाच्या अटीतटीच्या निवडणुकीत जॉर्ज मॉस्कोनी निवडून आले, आणि पुढच्या वर्षी जोन्स शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर गेला आणि लवकरच त्याचा अध्यक्ष झाला. मोठमोठे नेते त्याच्या व्यासपीठावर बसले. १९७७ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा मानवसेवेचा पुरस्कारही त्याला मिळाला. एखाद्या सामान्य अनुयायाच्या मनात शंका आली, तर ती कोणापाशी बोलून दाखवायची? महापौर ज्याचा सत्कार करतात त्याच्याविषयी पोलिसांत तक्रार करायला कोण जाईल?

आतली पकड कशी बसवली जात होती, हे टेंपल सोडून गेलेल्यांनी नंतर तपशीलवार सांगितलं. पहिली पायरी पैशांची. आधी कमाईचा ठरावीक भाग, मग पगार, मग घर. घर विकून पैसे टेंपलला दिले की निघून जाण्याची एक वाट बुजली. दुसरी पायरी कबुलीची. सभांमध्ये प्रत्येकाने उभं राहून स्वतःचे दोष सांगायचे, इतरांनी त्याला धारेवर धरायचं. नवरा-बायकोने एकमेकांविरुद्ध बोलायचं. चुकणाऱ्याला सगळ्यांसमोर मार. काहींकडून तर मुलांवर अत्याचार केल्याचे धडधडीत खोटे जबाब लिहून सही करून घेतले होते. निष्ठेची परीक्षा म्हणून सही करायची. कागद मात्र कपाटात राहायचा. तिसरी पायरी थकव्याची. दिवसभर नोकरी, रात्रभर सभा, शनिवार-रविवारी बसमधून शेकडो मैलांचा प्रवास. चार-पाच तासांच्या झोपेवर वर्षानुवर्षं जगणारा माणूस विचार करायचं पुढे ढकलतो, आणि ते पुढेच जात राहतं.

मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी पन्नासच्या दशकात हाँगकाँगमध्ये चीनच्या तुरुंगांतून आणि विचारशुद्धीच्या शिबिरांतून बाहेर आलेल्या २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी लोकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. १९६१ मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथ आला. माणसाचं मन पूर्णपणे ताब्यात घेऊ पाहणाऱ्या व्यवस्थेची आठ लक्षणं त्यांनी त्यात मांडली. पहिलं लक्षण म्हणजे माणसापर्यंत काय पोचेल आणि तो कोणाशी काय बोलेल यावरचा ताबा. कबुलीची सक्ती हेही त्यांतलंच एक. टेंपलमध्ये काय चाललंय हे ओळखायला लागणारं ज्ञान जोन्सटाउनच्या सतरा वर्षं आधी छापून तयार होतं. पण ते तुरुंगांविषयी लिहिलेलं असल्यामुळे सत्काराचे हार घातलेल्या समाजसेवकाला कोणी ते लावून पाहिलं नाही.

१ ऑगस्ट १९७७ च्या अंकात ‘न्यू वेस्ट’ या नियतकालिकाने टेंपल सोडलेल्या लोकांच्या हकिकती छापल्या. लेख बाजारात येण्याआधीच जोन्सने देश सोडला. गयानात १९७४ पासून टेंपलचा कृषिप्रकल्प चालू होता. सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली सुमारे ३,८०० एकर जमीन, राजधानीपासून सुमारे २४० किलोमीटर दूर. फोर्ब्स बर्नहॅम यांच्या सरकारला व्हेनेझुएलाने दावा सांगितलेल्या प्रदेशात अमेरिकन नागरिकांची वस्ती सोयीचीच होती. पहिल्या तुकड्यांनी तिथे खरोखर कष्टाने घरं बांधली, लाकूड कापायची गिरणी उभारली, कसावा आणि भाज्या लावल्या, शाळा आणि दवाखाना काढला. पन्नासेक माणसांचं हे गाव होतं तेव्हा ते बऱ्यापैकी चाललं होतं, असं वाचलेले लोक आजही सांगतात. १९७७ च्या उन्हाळ्यात काही महिन्यांत तिथे शेकड्यांनी माणसं आणून ओतली आणि पुढे वस्ती हजाराच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना पुरेल इतकं त्या जमिनीत पिकत नव्हतं.

पोचल्यावर पासपोर्ट जमा करून घेतले जात. पत्रं वाचून मगच पाठवली जात. वृद्धांच्या पेन्शनचे धनादेश थेट टेंपलच्या खात्यात जात. त्यांची महिन्याची रक्कम सुमारे ६५,००० डॉलर होती. परदेशी बँकांत टेंपलचे सत्तर लाखांहून अधिक डॉलर पडून होते.

१९७८ च्या मे महिन्यात डेबोरा लेटन ही टेंपलच्या आतल्या गोटातली तरुणी जॉर्जटाउनहून निसटली. तिने जूनमध्ये केलेलं प्रतिज्ञापत्र जसंच्या तसं उपलब्ध आहे. त्यात दिनक्रम आहे : आठवड्यातले सहा दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा शेतात काम, रविवारी दुपारी दोनपर्यंत. सकाळी भात, दुपारी भाताच्या पेजेसारखं पाणचट सूप, रात्री भात आणि घेवड्याचे दाणे. भोंग्यावरून जोन्सचं बोलणं दिवसाला सरासरी सहा तास. शेतात, स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी, सगळीकडे तोच आवाज.

हा आवाज बातम्याही सांगत असे. अमेरिकेत काळ्या लोकांसाठी छळछावण्या तयार होत आहेत, परत गेलात तर तिथेच जाल. गोऱ्यांची नावं गुप्तचर खात्याच्या यादीत आहेत. हे ऐकून हसणारा माणूस त्यांच्या जागी उभा राहिलेला नाही. १९४२ मध्ये अमेरिकेने एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना खरोखर छावण्यांत कोंडलं होतं. टस्कीगी इथे शेकडो काळ्या पुरुषांच्या उपदंशावर चाळीस वर्षं जाणूनबुजून उपचार केले गेले नाहीत, हे १९७२ मध्ये उघड झालं होतं. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मागे एफबीआयने हेर लावले होते. जोन्सचं खोटं या खऱ्या अन्यायांच्या पायावर उभं होतं, म्हणून ते टिकलं. वर्तमानपत्र नाही, दूरध्वनी नाही, रेडिओ एकाच्याच हातात. पडताळून पाहायला दुसरं साधन नव्हतं.

लेटन यांच्या प्रतिज्ञापत्रातला सर्वांत भयानक भाग ‘व्हाइट नाइट’चा आहे. मध्यरात्री भोंगा वाजे, सगळ्यांनी मंडपात जमायचं. जंगलात भाडोत्री सैनिक आलेत, आता मरणाशिवाय मार्ग नाही, असं सांगितलं जाई. अशाच एका रात्री लहान-मोठ्या सगळ्यांना रांगेत उभं करून लालसर पेय प्यायला दिलं गेलं. यात विष आहे, ४५ मिनिटांत मराल, असं सांगितलं. लोक प्याले. वेळ उलटून गेल्यावर जोन्सने खुलासा केला की विष नव्हतं, ही निष्ठेची परीक्षा होती.

या रंगीत तालमीने दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे पुढच्या वेळी खरं विष आलं तरी ते खरं आहे हे पहिल्या घोटापर्यंत कळणार नव्हतं. दुसरी अधिक खोल. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपल्या पुढच्याला पिताना पाहिलं. पुढचाही कदाचित मागच्यांच्या भीतीने पीत होता, पण ते दिसत नाही. दिसतं ते एवढंच की तो प्याला. आपल्याला वाटतंय ते शेजाऱ्यालाही वाटत असेल का, हे विचारायची सोय नव्हती. नवरा-बायको वेगळ्या खोपटांत, मुलं वेगळी, आणि मनातली शंका कोणी बोलून दाखवली तर ती वर कळवणं ऐकणाऱ्याचं कर्तव्य. ऐकणाऱ्याने कळवलं नाही आणि ती शंका म्हणजे लावलेला सापळाच असला, तर तोच अडकायचा. त्यामुळे हजार माणसांत राहून प्रत्येक जण एकटा होता. ज्यांनी उघड विरोध केला त्यांतल्या काहींना दवाखान्याच्या खास विभागात गुंगीची औषधं देऊन ठेवलं जाई.

अमेरिकन वकिलातीचे अधिकारी अधूनमधून जोन्सटाउनला जात आणि रहिवाशांना बाजूला घेऊन विचारत, तुम्हाला परत जायचंय का. कोणीही हो म्हटलं नाही. नंतर एफबीआयला तिथे सापडलेल्या शेकडो ध्वनिफितींत याचं कारण आहे. पाहुणे येण्याआधी जोन्स प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी करून घेत असे. काय खाता, किती तास काम करता, मारहाण होते का, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाठ असायचं. तपासणीला येणाऱ्याच्या हाती पाठांतर पडायचं.

म्हणूनच ती चिठ्ठी महत्त्वाची ठरली. १८ नोव्हेंबरच्या सकाळी चिठ्ठीची बातमी पसरली आणि आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाही जायचंय, हे त्या वस्तीत पहिल्यांदा उघड झालं. एक आजीबाई पुढे आल्या, मग त्यांचं कुटुंब, मग आणखी एक कुटुंब. दुपारपर्यंत पंधराएक जणांनी निघायचं ठरवलं. त्याच सकाळी सहलीला जातो असं सांगून अकरा जण जंगलात शिरले होते. त्यांत एक तरुण आई होती, तिने तीन वर्षांच्या मुलाला पाठीशी बांधलं होतं. रेल्वेच्या रुळांवरून चालत ते मॅथ्यूज रिज या गावी पोचले आणि वाचले.

त्या दिवशीच्या चित्रीकरणात जोन्स खचलेला दिसतो. हजाराच्या वस्तीतले पंधरा गेले तर काय बिघडणार होतं? रायन यांचा अहवालही बहुधा फार कडक झाला नसता. दुसऱ्या कुठल्याही गावाने हे पचवलं असतं. पण इथली सगळी रचना एका समजावर तोललेली होती, की कोणालाही जायचं नाहीये. पंधरा जणांना ट्रकमध्ये चढताना बाकीच्यांनी पाहिलं आणि तो समज त्याच दुपारी कोसळला.

धावपट्टीवर टेंपलच्या बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. रायन यांच्या सहायक जॅकी स्पीयर यांना पाच गोळ्या लागल्या, बावीस तास त्या मदतीशिवाय पडून होत्या आणि तरी वाचल्या. २००८ मध्ये त्या स्वतः काँग्रेसवर निवडून आल्या. इकडे मंडपात जोन्सने सभा बोलावली आणि नेहमीप्रमाणे ध्वनिमुद्रण चालू ठेवलं. सुमारे ४४ मिनिटांची ती फीत ऐकायला मिळते.

फितीत एका बाईचा आवाज आहे. क्रिस्टीन मिलर, टेक्सासमध्ये वाढलेल्या, साठीच्या घरातल्या, लॉस एंजेलिसमध्ये नोकरी केलेल्या कृष्णवर्णीय स्त्री. आपण आता मरायचं, असं जोन्स सांगत असताना त्या शांतपणे विचारतात, रशियाला जायला उशीर झालाय का? सोव्हिएत संघात स्थलांतराच्या बाता जोन्स महिनोन् महिने मारत होता, लोक रशियन भाषा शिकत होते. तो म्हणतो, उशीर झाला. त्या सोडत नाहीत. गेले ते मूठभरच होते, त्यासाठी सगळ्यांनी का मरायचं? जीव आहे तोवर आशा आहे. लहान मुलांना जगायचा हक्क आहे. स्वतःच्या नशिबाचा निर्णय घ्यायचा हक्क मलाही आहे.

जोन्स त्यांना बोलू देतो, वाद घालतो. ज्याला मत मांडू दिलं असं दाखवायचंय, अशा अध्यक्षासारखा. त्यांना गप्प बसवायचं काम जमाव करतो. एक पुरुष म्हणतो की तू इथे उभी आहेस तीच मुळी याच्यामुळे. लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात. मिलर एकट्या पडतात. भोवती बंदुका आणि धनुष्यबाण घेतलेले पहारेकरी होते, हे फितीत ऐकू येत नाही.

१९५१ मध्ये सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. एका खोलीत काही विद्यार्थी, समोर कार्डावर रेघा. कोणती रेघ नमुन्याएवढी आहे ते सांगायचं. एक सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याने पढवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर देत. रेघ डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाची री ओढली. पण पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी री ओढण्याचं प्रमाण सुमारे चौथाईवर येई. एक सोबती पुरतो. जोन्सला हा प्रयोग ठाऊक असण्याची गरज नव्हती. वीस वर्षांच्या सरावाने त्याला एवढं कळलं होतं की कोणालाही तो एक सोबती मिळता कामा नये. मिलर यांच्यामागून दुसरी व्यक्ती उभी राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न ती फीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला पडतो. अशी दुसरी व्यक्ती उठूच नये, याची व्यवस्था अनेक वर्षांपूर्वी झाली होती.

फ्लेवर एड नावाच्या स्वस्त पुडीच्या सरबतात सायनाइड आणि गुंगीची औषधं कालवली होती. पहिली पाळी मुलांची आली. लहानग्यांच्या तोंडात सुईविना सिरिंजने विष ओतलं गेलं. मुलं गेल्यावर आई-बापांना जगण्यात काय उरलं? गयानाचे मुख्य शवचिकित्सक लेस्ली मूटू यांनी तपासलेल्या प्रेतांपैकी अनेकांच्या अंगावर सुया टोचल्याच्या खुणा होत्या. जगभर याला सामूहिक आत्महत्या म्हटलं गेलं. तीनशेहून अधिक मुलं आत्महत्या करत नाहीत, आणि बंदूकधाऱ्यांच्या कड्यात टोचली गेलेली म्हातारी माणसंही नाहीत. ही हत्या होती. जोन्स स्वतः विषाने मेला नाही. त्याच्या डोक्यात गोळी होती.

महाराष्ट्राला या प्रकारातला एक वेगळा अध्याय जवळून ठाऊक आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कमधून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेला गेले आणि जोन्सटाउनला तीन वर्षं होण्याआधीच ऑरेगन राज्यात ६४,००० एकरांच्या रानावर रजनीशपुरम उभं राहू लागलं. तिथे मृत्युकांड झालं नाही, आणि मुख्य म्हणजे १९८५ मध्ये सगळं फिसकटल्यावर लोक आपापल्या वाटेने जाऊ शकले. दोन्हींना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. पण काही खुणा ओळखीच्या आहेत. रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला यांच्या कारभारात दूरध्वनींवर चोरून ऐकलं जात होतं. निवडणुकीत मतं मिळावीत म्हणून देशभरातून बेघर माणसं बसमधून आणली आणि त्यांना शांत ठेवायला बिअरमध्ये हॅलडॉल हे औषध मिसळलं. १९८४ मध्ये द डॅलेस या गावच्या उपाहारगृहांतल्या सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले गेले आणि ७५१ लोक आजारी पडले. शीला पुढे तुरुंगात गेल्या. हे चालू होतं तेव्हा बहुसंख्य रहिवासी मनापासून रस्ते बांधत होते, भाज्या पिकवत होते आणि त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सामान्य रहिवाशाचा प्रामाणिकपणा हीच अशा व्यवस्थेची सर्वांत मोठी ढाल असते, याला रजनीशपुरम जोन्सटाउनइतकंच साक्षी आहे.

जोन्सटाउनची प्रेतं अमेरिकेत डेलावेअरमधल्या डोव्हर लष्करी विमानतळावर आणली गेली. चारशेहून अधिक प्रेतांची ओळख पटली नाही किंवा त्यांना कोणी नेलं नाही. अनेक दफनभूमींनी नकार दिल्यावर ओकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीने जागा दिली. २०११ मध्ये तिथे ग्रॅनाइटच्या चार शिळा बसवल्या. ९१८ नावांत जिम जोन्सचं नावही कोरलं गेलं आणि त्यावरून नातेवाइकांमध्ये कडवट वाद झाला.

श्रोतेहो, एखाद्या आश्रमात, संघटनेत, पंथात, झटपट श्रीमंतीच्या योजनेत किंवा एखाद्या नेत्याच्या भक्तमंडळात आपलं माणूस ओढलं जाताना दिसलं की आपण सहसा दोनच गोष्टी करतो. त्याची थट्टा करतो किंवा त्याच्याशी संबंध तोडतो. दोन्हींचा फायदा आतल्या पुढाऱ्यालाच होतो, कारण बाहेर तुमचं कोणी नाही, हेच तो सांगत असतो. तिथलं तत्त्वज्ञान खरं की खोटं यावर त्या माणसाशी भांडू नका. साधे प्रश्न विचारा. गेल्या वर्षी तुमच्यातून कोण निघून गेलं? त्याच्याशी आज तू बोलू शकतोस का? त्याच्याविषयी आत काय बोललं जातं? पैसे आणि कागदपत्रं कोणाच्या ताब्यात आहेत? उत्तरं आवडली नाहीत तरी त्याचा फोन उचलत राहा, सणाला बोलवत राहा, त्याची खोली रिकामी करू नका. कॅलिफोर्नियातल्या त्या नातेवाइकांनी एका खासदाराच्या मागे लागून त्याला जंगलापर्यंत पोचवलं, म्हणून पंधराएक जणांना निघायचं धाडस झालं. आपल्या घरातून कोणी असं गेलं असेल, तर त्याला आजच एक फोन करा.